सात वर्षं दहा महिने, 38 किलो : वाढतं वजन आणि लवकर येणारं वय

धायरीतल्या एका सोसायटीत राहणारी मुलगी. जूनमध्ये तिसरीत गेली. अंघोळ घालताना आजीच्या हाताला डाव्या स्तनाग्राखाली सुपारीएवढं काहीतरी लागलं. दाबल्यावर पोरगी "आई गं" म्हणाली. आजीने त्याच संध्याकाळी सुनेला बाजूला घेऊन सांगितलं, "हिला लक्षण दिसतंय. इतक्यात कसं गं?"

पुढचे तीन आठवडे घरात जे झालं ते पुण्यातल्या बऱ्याच घरांत होतं. एका डॉक्टरांनी मुलीला उभं करून कपड्यांवरूनच पाहिलं आणि "वजन जास्त आहे, चरबी असेल" म्हणाले. शेजारणीने चिकन आणि पिशवीचं दूध बंद करायला सांगितलं. आईने मोबाईलवर वाचून लॅबमधून तपासण्यांचं एक पॅकेजच करून घेतलं. एलएच आणि एफएसएच (मेंदूकडून अंडाशयाला हुकूम देणारे हार्मोन), इस्ट्रॅडिऑल (अंडाशयाचं इस्ट्रोजेन), टीएसएच (थायरॉइडला चालवणारा हार्मोन), पोटाची सोनोग्राफी, डाव्या हाताचा एक्स-रे, सगळं आलं. अशी जाड फाइल घेऊन आई-वडील आमच्याकडे दवाखान्यात आले तेव्हा त्यांचा प्रश्न एकच होता: पाळी थांबवायचं इंजेक्शन द्यायचं की नाही?

हे प्रकरण कुणा एका ठरावीक मुलीचं नाही. बाह्यरुग्ण विभागात वरचेवर दिसणाऱ्या गोष्टी एका मुलीत गुंफून ते उभं केलं आहे. तिची मापं त्या उभारणीतली आहेत. निकष, औषधांच्या मात्रा आणि शरीरातली कारणं मात्र जशी आहेत तशी दिली आहेत.

आधी टेप, मग फाइल

फाइल बाजूला ठेवून आधी उंची-वजन घेतलं. हे किरकोळ वाटतं, पण अशा मुलींच्या बाबतीत निम्मा निर्णय उंचीच्या मापावर उभा असतो आणि तेच माप सर्वांत जास्त चुकतं. घरी दाराच्या चौकटीवर पेन्सिलच्या खुणा होत्या. त्यांतली शेवटची पोनीटेलसकट घेतलेली, त्याआधीची बूट घालून. अशा खुणांवरून वाढीचा वेग काढला तर मुलगी वर्षात नऊ सेंटिमीटर वाढली असं दिसतं आणि सगळ्यांची झोप उडते.

उंची घ्यायची ती अनवाणी आणि केस मोकळे सोडून. टाचा, नितंब आणि पाठ पट्टीला टेकलेली हवी. नजर समोर, डोळ्याची खालची कड आणि कानाचं भोक एका आडव्या रेषेत. डोक्यावरची पट्टी केस दाबून कवटीला टेकेपर्यंत खाली आणायची. दर वेळी साधारण त्याच वेळेला मोजायचं, कारण दिवसभर उभं राहून, चालून मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि सकाळच्या उंचीतून संध्याकाळपर्यंत सेंटिमीटरभर सहज कमी होतो. तीन महिन्यांत दीड सेंटिमीटर वाढ शोधायची आणि मोजण्यातच एक सेंटिमीटरची चूक करायची, मग निर्णय कशाच्या आधारावर घ्यायचा?

माप आलं 132.0 सेंटिमीटर आणि 38.0 किलो. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, याचा आकडा) 21.8. कंबर 70 सेंटिमीटर, म्हणजे उंचीच्या निम्म्याहून जास्त. शाळेच्या आरोग्यपत्रकावर बरोबर वर्षापूर्वीची नोंद होती: 125.8 सेंटिमीटर आणि 31 किलो. वर्षात उंची 6.2 सेंटिमीटर वाढली होती, वजन सात किलो.

इंडियन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचे 2015 चे वाढीचे तक्ते आपल्याकडे पाच ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी वापरतात. त्यातल्या बीएमआयच्या तक्त्यावर दोन वेगळ्या रेषा आहेत. एक प्रौढपणीच्या 23 ला जाऊन मिळते, दुसरी 27 ला. भारतीय माणसाला मधुमेहाचा धोका कमी बीएमआयलाच सुरू होतो, म्हणून आपल्या रेषा परदेशी तक्त्यांपेक्षा खाली ठेवल्या आहेत. ही मुलगी 27 च्या रेषेच्याही वर होती. हा लठ्ठपणा आहे, "बाळसं" नाही, हे आई-वडिलांना त्याच दिवशी तक्त्यावर बोट ठेवून दाखवलं.

दुसरी खूण उंचीत होती. वडील 168, आई 155. मुलीसाठी दोघांच्या उंचीची बेरीज करून 13 वजा करायचे आणि दोनने भागायचं: 155. म्हणजे घराण्याच्या हिशेबाने मुलगी मोठेपणी मध्यम उंचीची व्हायला हवी. आज मात्र ती वर्गात शेवटच्या बाकावर बसणारी. आई-वडिलांच्या मानाने मूल फारच उंच दिसतं तेव्हा बऱ्याचदा ते वाढीत वयाच्या पुढे निघालेलं असतं, जास्त उंच होणार असतं असं नाही.

हाताने काय कळतं

स्तन आहे की चरबी, हे नुसतं बघून कळत नाही. लठ्ठ मुलीला उभं करून पाहिलं तर सहा वर्षांच्या मुलीलाही वाढ सुरू झाल्यासारखी दिसते, आणि उलट, खरी वाढ चरबीच्या आड वर्षभर लपूनही राहू शकते. मुलीला उताणं झोपवायचं, हात डोक्यामागे घ्यायला लावायचे. चरबी दोन्ही बाजूंना पसरते. मग अंगठा आणि तर्जनी स्तनाग्राच्या दोन बाजूंना ठेवून हळू एकत्र आणायची. चरबी असेल तर बोटं मऊ मऊ आत जातात आणि मधोमध, स्तनाग्राच्या बरोबर खाली, पोकळ खळगा लागतो. ग्रंथी असेल तर तिथेच टणक, कडा असलेली, बटणासारखी चकती सापडते आणि मुलगी हात झटकते, कारण ती दुखरी असते. आई समोर हवी आणि मुलीला आधी विचारायचं, "बाळा, इथे हात लावून बघू का?" आठ वर्षांच्या मुलीला आपल्या शरीराचं काहीतरी बिघडलंय असं वाटायला लावणारी पहिली जागा दवाखाना ठरू नये.

डावीकडे सुमारे दोन सेंटिमीटरची चकती, उजवीकडे फक्त चरबी. एका बाजूला आधी सुरुवात होणं नेहमीचं आहे. एकाच बाजूची गाठ म्हणून घाबरून सुई टोचून नमुना घेणं ही मोठी चूक, त्याने स्तनाचा अंकुरच दुखावतो. जांघेत केस नव्हते. घामाला मोठ्या माणसासारखा वास वर्षभर येतोय, असं आईने सांगितलं. मानेवर मागून काळी, मखमली, जराशी जाडसर पट्टी होती. घरी ती मळ समजून बेसन-हळद लावून, पुढे काथ्याने घासली होती, त्यामुळे कातडी सोललेली. हा मळ नव्हे. रक्तात इन्सुलिन जास्त फिरतंय याचं ते कातडीवरचं चिन्ह आहे, आणि घासून ते जात नाही.

जे नव्हतं तेही लिहून ठेवायचं असतं. डोकेदुखी, उलट्या, नजर कमी होणं नाही. अंगावर वेड्यावाकड्या कडेचे कॉफी रंगाचे चट्टे नाहीत. मुरुमं, घोगरा आवाज, बाह्य जननेंद्रियात पुरुषी वाढ नाही. रक्तस्राव नाही. घरात कुणी हार्मोनचं मलम लावत नाही. यातलं एखादं जरी असतं तरी रस्ता पूर्ण वेगळा झाला असता. वाढ सहा वर्षांच्या आत सुरू झाली असती तर मेंदूचा एमआरआयही लगेच केला असता.

रिपोर्ट कसे फसवतात

एलएच 0.15. हा आकडा 0.3 च्या खाली आहे, म्हणजे मेंदूकडून अजून जोरदार हुकूम सुटलेला दिसत नाही. पण लठ्ठ मुलींमध्ये वयात येण्याच्या त्याच टप्प्यावर एलएच सडपातळ मुलींपेक्षा कमी असतो, आणि सुरुवातीला तो रात्री झोपेतच ठोक्याठोक्याने सुटतो. सकाळी दहाला काढलेल्या रक्तात तो सापडेलच असं नाही. त्यामुळे "एलएच कमी, म्हणजे काही नाही" हा निष्कर्ष घाईचा.

इस्ट्रॅडिऑल "10 पेक्षा कमी" आलं. नेहमीच्या लॅबचं यंत्र मोठ्या बाईच्या पातळ्या मोजायला बनवलेलं असतं. लहान मुलीतली बारीक पातळी त्याला नीट दिसतच नाही. या आकड्यावर कुठलाच निर्णय टांगायचा नाही.

सोनोग्राफीत गर्भाशय 3.1 सेंटिमीटर लांब, अंडाशय 1.2 आणि 1.4 मिली, आतल्या अस्तराची रेघ दिसत नाही. गर्भाशय साडेतीन सेंटिमीटरच्या पुढे गेलं, अंडाशय दोन मिलीच्या वर गेलं आणि अस्तर दिसू लागलं, तर इस्ट्रोजेनने काम सुरू केलं असं धरतात. इथे अजून नाही. रिपोर्टात "अंडाशयात बारीक गाठी" असंही लिहिलं होतं आणि आई त्यावरच अडकली होती. लहान मुलीच्या अंडाशयात काही मिलिमीटरच्या पुटिका असतातच. त्याला पीसीओडी म्हणत नाहीत.

टीएसएच 6.4, टी-4 व्यवस्थित. यावर थायरॉइडची गोळी सुरू करायचा सल्ला मिळाला होता. लठ्ठ मुलांमध्ये टीएसएच थोडा चढलेला असतो आणि वजन उतरलं की तोही उतरतो. तो लठ्ठपणाचा परिणाम असतो, कारण नव्हे. थायरॉइड खरोखर खूप मंदावला तरी मुली लवकर वयात येऊ शकतात, पण तेव्हा उंची खुंटलेली असते आणि हाडांचं वय मागे पडतं. इथे दोन्ही पुढे होतं. गोळी लागत नव्हती.

हाडांचं वय 9 वर्षं. खऱ्या वयापेक्षा 14 महिने पुढे. डाव्या मनगटाचा एक्स-रे ग्रॉयलिख आणि पाइल यांच्या चित्रसंग्रहाशी ताडून हे वय ठरवतात. नजरेच्या फरकाने दोन वाचणाऱ्यांत सहा महिन्यांचं अंतर सहज पडतं, म्हणून पुढचे सगळे एक्स-रे एकाच व्यक्तीने वाचायचे असं ठरलं. पण खरी अडचण वेगळी. लठ्ठपणा एकटाच, वयात न येताही, हाडांचं वय पुढे ढकलतो आणि लहानपणी उंचीही वाढवतो. म्हणजे या मुलीत उंची, हाडं आणि छाती या तिन्हींचं उत्तर "वजन" असू शकतं, किंवा "वयात आली" असू शकतं, किंवा दोन्ही. एका दिवसाच्या फाइलीतून हे सुटत नाही. काही महिने जाऊ दिले की सुटतं.

वजन नेमकं करतं काय

वयात येण्याचं चक्र मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसमध्ये आहे. तिथल्या थोड्याशा पेशी जीएनआरएच हा संदेश ठोक्याठोक्याने सोडतात, त्याने पिट्यूटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच सोडते, त्यांनी अंडाशय जागं होतं. बाळ जन्मल्यावर काही महिने हे चक्र फिरतंही. मग वर्षानुवर्षं ब्रेक लागतो. एमकेआरएन-3 नावाचं जनुक या ब्रेकचा एक भाग आहे, हे 2013 मध्ये कळलं; ते बिघडलेल्या घराण्यांत मुलं फार लवकर वयात येतात.

चरबीचा या चक्राशी संबंध आहे ही शंका जुनी. 1970 मध्ये रोझ फ्रिश आणि रॉजर रेव्हेल यांनी मांडलं की मुलगी उंच असो वा बुटकी, लवकर वयात येवो वा उशिरा, पहिली पाळी सरासरी 47-48 किलोच्या आसपासच येते. ठरावीक वजनाला कळ दाबली जाते ही त्यांची कल्पना पुढे टिकली नाही, कारण 36 किलोलाही पाळी येते आणि 60 किलो होऊनही कधी आलेली नसते. पण दिशा बरोबर होती. 1994 मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लेप्टिन हे हार्मोन सापडलं. चरबीच्या पेशी ते सोडतात. साठा जितका जास्त तितकं लेप्टिन जास्त. जन्मतःच लेप्टिन न बनणारी मुलं प्रचंड लठ्ठ असतात, तरी वयात येत नाहीत. त्यांना लेप्टिन दिलं की योग्य वयाला चक्र सुरू होतं, पण चार वर्षांच्या मुलाला दिलं म्हणून ते चार वर्षांचं असताना वयात येत नाही. घरात धान्य भरलंय, पाहुणे बोलवायला हरकत नाही, एवढंच लेप्टिन सांगतं. आमंत्रण ते धाडत नाही.

हा निरोपही थेट पोचत नाही. जीएनआरएच सोडणाऱ्या पेशींवर लेप्टिनचा निरोप घेणारी कुलपंच (रिसेप्टर) नाहीत. निरोप किसपेप्टिन बनवणाऱ्या शेजारच्या पेशींच्या जाळ्यातून जातो. किसपेप्टिनचं कुलूप बिघडलेली माणसं वयातच येत नाहीत हे 2003 मध्ये दोन गटांनी दाखवलं. मेंदूतल्या एमसी-3 या कुलपाची गोष्ट 2021 मध्ये पुढे आली. ते नादुरुस्त असलेल्यांना वयात यायला उशीर होतो, म्हणजे शरीरातल्या साठ्याची खबर वेळेच्या घड्याळापर्यंत पोचवणारी ती एक तार आहे.

मेंदूला वळसा घालूनही चरबी काम करते. चरबीत ॲरोमाटेज नावाचं एन्झाइम असतं, ते अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथीच्या सौम्य पुरुषी हार्मोनांचं इस्ट्रोजेन करतं. इन्सुलिन जास्त असलं की यकृत हार्मोनांना बांधून ठेवणारं प्रथिन कमी बनवतं, त्यामुळे मोकळं, काम करणारं इस्ट्रोजेन वाढतं. म्हणूनच काही लठ्ठ मुलींत मेंदू झोपलेला असतानाही स्तनाची चकती उमटते, घामाला वास येतो, हाडं पुढे सरकतात. या मुलीची पहिल्या दिवशीची फाइल याही चित्रात बसत होती.

डेन्मार्कमध्ये 2020 साली जगभरचे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा 1977 ते 2013 या काळात स्तनवाढ सुरू होण्याचं वय दर दशकाला सुमारे तीन महिन्यांनी खाली आलेलं दिसलं. यात वजनाचा वाटा मोठा, पण सगळाच नव्हे. आईला पाळी कधी आली हे विचारलं पाहिजे. या आईला साडेअकराव्या वर्षी आली होती. मुलग्यांमध्ये वजनाचं नातं इतकं सरळ नाही. जरा जास्त वजनाचे लवकर आणि फार लठ्ठ उशिरा, असंही दिसलं आहे.

जन्मवजन का विचारलं

फाइलीत नसलेली एक गोष्ट आईला आठवून सांगावी लागली. मुलगी पूर्ण दिवसांची, पण जन्मवजन 2.2 किलो. मग सगळ्यांनी मिळून तिला "भरून काढलं". तिसऱ्या वर्षी साडेचौदा किलो, पाचव्या वर्षी बावीस. तक्त्यावर ठिपके जोडले तर रेघ जिन्यासारखी वर चढत जाते.

यावरचं फार मोलाचं काम पुण्यातच झालं आहे. केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा पाठपुरावा केला. पुण्याकडची बाळं सरासरी 2.7 किलोची आणि इंग्लंडमधली साडेतीन किलोची. पण स्नायू, पोटातले अवयव जितके कमी भरले तितकी कातडीखालची चरबी कमी नव्हती. दिसायला बारीक, आतून चरबीदार. अशा बाळाला पुढे झपाट्याने वजन चढवलं की स्नायू नव्हे, चरबीच भरते.

आणि त्याचा वयात येण्याशी संबंध? 1991 मध्ये स्वीडनमधल्या एका अभ्यासाने तिथे दत्तक गेलेल्या भारतीय मुली पाहिल्या. बऱ्याच जणी गेल्या तेव्हा कुपोषित होत्या, तिथे भराभर वाढल्या, आणि त्यांना पाळी मध्यमानाने 11.6 व्या वर्षी आली. शेवटची उंची सरासरी 154 सेंटिमीटरच राहिली. उपाशी शरीराला अचानक सुकाळ दिसला की ते घाई करतं. आमच्या मते पुण्या-मुंबईतल्या लवकर वयात येणाऱ्या मुलींची गोष्ट नुसत्या "जास्त खाण्या"ची नाही. लहान जन्माला येऊन लवकर जाड होण्याची आहे, आणि जन्मवजन न विचारता ती समजत नाही.

काय ठरवलं, काय नाही

पहिल्या भेटीत इंजेक्शन सुरू केलं नाही, उद्दीपन चाचणीही केली नाही. त्या चाचणीत ल्युप्रोलाइड हे औषध किलोमागे 20 मायक्रोग्रॅम टोचून पुढच्या एक-दोन तासांत एलएच पाहतात. तो 5 च्या वर गेला तर मेंदूचं चक्र फिरू लागलंय असं म्हणतात. उत्तर "हो" आलं तरी त्या दिवशी उपचार बदलणार नव्हता. कारण वाढ सुरू झाली ती आठच्या उंबरठ्यावर, वर्षाची उंची 6.2, आणि हाडांच्या वयावरून काढलेला शेवटच्या उंचीचा अंदाज 155 च्या खाली जात नव्हता. चक्र थांबवणाऱ्या इंजेक्शनने (ल्युप्रोलाइड 3.75 मिलिग्रॅम दर 28 दिवसांनी किंवा 11.25 मिलिग्रॅम दर 12 आठवड्यांनी) उंचीचा खरा फायदा सहाच्या आत सुरुवात झालेल्या मुलींना होतो. आठच्या जवळ, संथ चालीने सुरू झालं तर तो फायदा नगण्य असतो आणि दोन-तीन वर्षं सुया मात्र टोचाव्या लागतात.

चार महिन्यांनी परत यायचं ठरलं. आणि कोणत्या गोष्टीवर मत बदलेल तेही लिहून दिलं: सहा महिन्यांत छातीचा पुढचा टप्पा पूर्ण गाठला, उंचीचा वेग वर्षाला आठच्या पुढे गेला, हाडं सहा महिन्यांत वर्षभर सरकली, रक्तस्राव झाला किंवा डोकं दुखू लागलं, तर तारखेची वाट न पाहता यायचं. "बघू पुढे" एवढंच सांगितलं तर आई-बाप घरी जाऊन घाबरतच बसतात, आणि मग दुसरीकडे इंजेक्शन सुरू होतं.

घरातलं

ध्येय होतं वजन कमी करणं नव्हे, तर वजन जिथे आहे तिथे धरून उंची वाढू देणं. वाढत्या मुलीला उपाशी ठेवलं तर उंची आणि हाडांची मजबुती दोन्ही मार खातात, आणि ती चोरून खायला शिकते.

तीन दिवस खाल्लेलं सगळं लिहायला सांगितलं. सकाळी मोठा पेला दूध, त्यात चॉकलेटची पावडर दोन चमचे आणि वर साखर एक. डब्यात जाम-पोळी. शाळेच्या व्हॅनमधून उतरल्यावर कोपऱ्यावरचा वडापाव किंवा बेकरीचा क्रीमरोल. क्लासहून आल्यावर आजीच्या हातची तूप-साखर-पोळी. रात्री साडेनऊला जेवण, समोर मोबाईल. रविवारी मिसळ, उन्हाळ्यात मस्तानी. यात चिकन आठवड्यातून एकदा, तेही रश्श्यात. चिकन बंद केल्याने काही साधणार नव्हतं. ते आणि अंडं उलट वाढवलं, कारण प्रथिनाने पोट भरलेलं राहतं. दूध चालू ठेवलं, पण साधं, दिवसाला दोन कप.

बदल चारच सांगितले. पावडर आणि साखर काढली. वडापावच्या वेळेला घरी काहीतरी तयार ठेवायचं: उसळ, थालीपीठ आणि ताक, उकडलेलं अंडं, नाहीतर मूठभर फुटाणे आणि एक फळ. वडापाव शनिवारी, एक. आणि जेवण आठच्या आत, मोबाईल स्वयंपाकघराबाहेर. आजीला "तूप देऊ नका" म्हटलं नाही, कारण आजीला दूर केलं तर काहीच टिकत नाही. तूप वरणभातावर एक चमचा. पोळीवरची साखर गेली.

खेळ रोज तासभर, घाम येईल असा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये चेंडू खेळायला बंदी होती, म्हणून संध्याकाळी गेटबाहेर दोरीवरच्या उड्या आणि सायकल, रविवारी वडिलांबरोबर तळजाई किंवा पर्वती. झोप साडेनऊला. या वयाला 9 ते 12 तास झोप लागते, ती मुलगी साडेसातच घेत होती.

कुठे फसलं? पहिल्या महिन्यात वडिलांनी रोज सकाळी वजनकाटा काढला. पोरगी काट्यावर उभी राहायला रडू लागली. काटा कपाटात गेला. वजन फक्त दवाखान्यात. दुसरं, गणपतीत आणि दिवाळीत सगळं सैल झालं. मोदक, करंज्या आल्या की असंच होणार. म्हणून तो महिना हिशेबात धरूनच तक्ता आखायचा आणि त्यावर मुलीला बोलायचं नाही.

पुढचे आकडे

चार महिन्यांनी, 8 वर्षं 2 महिने: 134.1 सेंटिमीटर, 38.4 किलो. डावी चकती तीन सेंटिमीटर, उजवीकडेही अंकुर. एलएच 0.4. आता शंका उरली नाही, चक्र फिरू लागलं होतं. पण वेग वर्षाला सव्वासहाचाच.

आठ महिन्यांनी: 136.2 आणि 39.0. हाडांचं वय 9 वर्षं 9 महिने, म्हणजे आठ महिन्यांत नऊ महिने सरकलं. या एका आकड्याने इंजेक्शनचा प्रश्न मिटवला. टीएसएच 4.1.

वर्षाने: 138.4 आणि 39.8. बीएमआय 21.8 वरून 20.8. मानेवरची पट्टी फिकी झालेली.

वजन धरून ठेवल्याने वयात येणं थांबलं का? नाही, आणि तसं वचनही दिलं नव्हतं. एकदा सुटलेलं चक्र वजन उतरवून मागे फिरवता येत नाही. धरून ठेवलेल्या वजनाने इन्सुलिन खाली आणलं, आणि पाळी येईल तेव्हा ती अनियमित होण्याचा, पुढे मधुमेहाचा धोका कमी केला. लवकर पाळी आलेल्या मुलींचं वजन नंतर आणखी वाढायचा कल असतो, म्हणून हे काम पाळीनंतरही चालूच.

साडेनऊच्या सुमारास आईने तिला पाळीबद्दल सांगितलं. बॅगेच्या आतल्या कप्प्यात छोटी पिशवी: दोन पॅड, जादा चड्डी, कागदी रुमाल. पॅड चड्डीवर कसं चिकटवायचं, वापरलेलं कागदात गुंडाळून कुठे टाकायचं, हे घरी दोनदा करून पाहिलं. वर्गशिक्षिकेला आईने आधी भेटून सांगून ठेवलं, कारण चौथी-पाचवीच्या मुलींच्या स्वच्छतागृहात झाकणाची बादली बहुतेक वेळा नसते. घरात कुणीही "आता मोठी झालीस" म्हणून तिचं खेळणं बंद करायचं नाही, हे आजीने स्वतःहून सांगितलं. उंचीने मोठी वाटली तरी ती दहाच वर्षांची आहे, हे नातेवाइकांना मात्र पुन्हा पुन्हा सांगावं लागलं.

पाळी आली 10 वर्षं 8 महिन्यांना, अंकुरानंतर जवळजवळ तीन वर्षांनी. लवकर सुरू झालेल्या मुलींत हे अंतर असंच लांबतं. त्या आठवड्यात उंची 150.0, वजन 47.5. फ्रिश यांचा आकडा आठवावा असं वजन, पण तो योगायोग समजावा. बीएमआय 27 च्या रेषेखाली. पाळीनंतर बहुतेक मुली पाच ते सात सेंटिमीटर वाढतात, म्हणजे 155 च्या पुढेमागे, आई-वडिलांच्या हिशेबात बसेल तेवढं.

त्याच भेटीत आईने धाकटीचं पत्रक पुढे केलं. साडेतीन वर्षांची, जन्मवजन 2.4 किलो, गेल्या सहा महिन्यांत अडीच किलो चढलेली. तीन ते सहा या वर्षांत बीएमआय चढला की वयात येणं लवकर सरकतं, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे, आणि या वयात चक्र अजून पूर्ण ब्रेकवर असतं. धाकटीच्या पेल्यातली पावडर त्याच दिवशी बंद झाली. तिच्या तक्त्यावर पहिला ठिपका मांडला आणि पुढची तारीख तीन महिन्यांनंतरची लिहून दिली.